वजनावर विकलेला कारखाना

त्रिकम मिस्त्रींच्या तेराव्याला शेवटचा लाडू पानात पडायच्या आत वशरामनं कारखान्याचा विषय काढला.

वशराम मिस्त्रींचा धाकटा भाऊ. सुताराच्या घरात जन्माला येऊन आयुष्यात एक खिळा त्यानं सरळ ठोकला नव्हता. जमिनीच्या दलालीत होता. म्हणजे एकाच्या शेतात उभं राहून दुसऱ्याला तिसऱ्याचं शेत दाखवायचा. पांढराशुभ्र सदरा, खिशात दोन फोन, गालात मावा.

"भाभी, तुम्ही कसली काळजी करू नका," चार पानांपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला. "तुम्ही आपला कोपरा पाळा. कारखान्याचं लाकूडलोखंड मी बघतो. मी आहे ना!"

विधवेनं वर्षभर घराचा कोपरा सोडायचा नाही, या रीतीनं चटईवर बसलेल्या रळियातबेननं पदर पुढे ओढला. लोकांना वाटलं, बाईला रडू फुटलं. बाई हसू दाबत होती. 'मी आहे ना' असं वशराम म्हणाला की घरातलं काहीतरी जातं, हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत आली होती. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सासूच्या पाटल्या गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा गोंडलच्या रस्त्यावरचा प्लॉट गेला. आता तिसरी खेप.

रळियात मूळची जसदणकडच्या खेड्यातली. बाप बैलगाडीची चाकं करायचा. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती राजकोटला आली, तेव्हा ढेबर रोडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींनी पॅटर्नचा कारखाना नुकताच टाकला होता. इंजिनाचा किंवा पंपाचा भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो जसाच्या तसा लाकडात घडवावा लागतो. त्याचा ठसा वाळूत उमटवायचा आणि मग रस ओतायचा. लाकूड केसभर चुकलं की पुढचे शंभर नग चुकतात. गावात गल्लोगल्ली भट्ट्या होत्या आणि भट्टीवाल्यांत मिस्त्रींचं नाव होतं. हात खरोखरच चांगला होता, ते रळियातबेन कधी नाकारायची नाही. पण त्या हाताला जीभ जोडलेली होती, आणि जिभेला बढाई.

"हत्याराला बाईचा हात लागला की धार उतरते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर अमावास्येला यंत्रं बंद ठेवून ते रंध्यांना, पटाशांना कुंकू लावायचे. रळियातनं शिऱ्याचं पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि परत फिरायचं.

मग एका दिवाळीला त्यांचा रंगारी गावी गेला तो गेलाच. पॅटर्नला रंग द्यावा लागतो. लोखंड जिथं नंतर तासायचं तिथं तांबडा, जिथं तसंच ठेवायचं तिथं काळा, जिथं पोकळी धरायची तिथं पिवळा. माल अडला. मिस्त्री दोन दिवस येरझाऱ्या घालत राहिले आणि तिसऱ्या दिवशी लाकूड घराच्या गच्चीवर आणून टाकलं.

"रंगाला काही धार नसते," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी कळलं की पॉलिशपेपरलाही धार नसते. त्याच्या पुढच्या वर्षी, आतल्या कोपऱ्यांत मेण भरून तापवलेल्या लोखंडी गोळीनं घोटायच्या कामालाही धार नसते. धार नसलेल्या कामांची यादी अशी वाढत वाढत गेली की वीस वर्षांत करवत आणि रंधा सोडून बाकी सगळं रळियातच्या गच्चीवर चढलं. शिऱ्याचं पातेलं मात्र उंबऱ्याबाहेरच राहिलं.

शेवटची अकरा वर्षं तर कहरच झाला. मिस्त्रींच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. डॉक्टरनं वेळेवर सांगितलं होतं; पण ज्याच्या नजरेची गावभर वाहवा, तो डोळ्यांत थेंब घालून दवाखान्याच्या बाकावर बसणार कसा? नाही बसले. एका दुपारी त्यांनी भट्टीवाल्याचं ड्रॉइंग आणून तिच्यापुढे धरलं.

"बघ गं, इथं काय आकडा आहे? माझा चष्मा कुठं गेला कुणास ठाऊक."

चष्मा नाकावर होता.

रळियात सातवी पास. पण वीस वर्षं लाकडाची प्रत्येक बाजू रंगवताना ती बाजू तशी का, हे तिनं विचारल्याशिवाय शिकून घेतलं होतं. तिनं आकडा सांगितला. मग बाजूचा सांगितला. मग म्हणाली, "आणि हा खालचा चुकलाय. एवढ्या भिंतीत एवढं भोक बसणारच नाही." मिस्त्रींनी ड्रॉइंग गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन म्हणाले, "शेठ, एका नजरेत चूक पकडली. भोक बसत नाही." शेठनं चहा मागवला.

त्या दिवसापासून रीतच पडली. मिस्त्रींनी भट्टीवर ड्रॉइंग नाकाशी धरून 'हं, हं' करायचं, घरी आणायचं. रळियातनं प्लायवर पूर्ण मापाची आखणी करायची, आकसण्यासाठी कुठे किती वाढ, वाळूतून सुटण्यासाठी कुठे किती उतार. दोन कारागिरांनी त्यावरून कापायचं, आणि मिस्त्रींनी बोटांनी चाचपून 'बरोबर' म्हणायचं. बोटं शेवटपर्यंत खरी होती. जीभही शेवटपर्यंत तीच होती. अकरा वर्षांत एकदा 'बरं झालं तू होतीस' असं म्हणायला ती वळली नाही.

आणि रळियात? तिनंही कुठं तोंड उघडलं नाही. घरची अब्रू, झाकली मूठ, पोरीचं लग्न. प्रत्येक वर्षी नवं कारण. नवऱ्याच्या बढाईचा तिला राग होता, पण स्वतःच्या या गुपचूप बसण्याची तिला जी शिसारी यायची ती त्याहून मोठी होती.

यंत्रं विकायचीच होती. त्यात गळा काढण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी काम केव्हाच ओढून नेलं होतं, दोन्ही कारागीर तिकडेच गेले होते, शेड भाड्याची होती आणि मालकाला तिथं दुकानांचा इमला चढवायचा होता. मुलगी भानु जामनगरला सुखात होती. रळियात त्रेसष्टची, पट्टा-करवत चालवायचं वय नव्हे. विकायचं हे ठरलेलं. वशरामनं विकायचं, एवढंच तिला मान्य नव्हतं.

दिवाळीनंतर कामं पुन्हा सुरू होतात त्या लाभपाचमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वशराम गिऱ्हाईक घेऊन शेडवर पोहोचला, तर कुलूप उघडं आणि आत स्टुलावर भाभी. अंगावर शोकाचं काळं लुगडं, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

"भाभी! तुम्ही? अजून वर्ष सरलं नाही, आणि कोपरा सोडून..."

"कोपरा कुठं पळून जात नाही, वशरामभाई. यंत्रं पळून जातात."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई बाहेर पडली. तुमच्या हाती दिलं असतं तर म्हणाले असते, बाई रस्त्यावर आली. त्यातलं मला हे बरं वाटतं."

वशराम मावा गिळता गिळता राहिला. बरोबर आलेलं गिऱ्हाईक म्हणजे किरीट फर्निचरवाला. फर्निचरवाला हे त्यानंच घेतलेलं नाव. प्लायवर सनमायका चिकटवायचा, त्याला 'इटालियन किचन' म्हणायचा आणि इटलीचा भाव लावायचा. तो शेडमधून मंगळवारच्या बाजारात फिरावं तसा फिरला. गोल पटाशा उचलून म्हणाला, "या वाकड्या कशा झाल्या?" रळियातबेननं त्या परत जागेवर ठेवल्या. लेथला थापटून म्हणाला, "पाटाचे पाय छान निघतील."

मग त्याचं लक्ष पोलादी पट्टीकडे गेलं. जुनी, विलायती, दोन फुटांची, आकडे अजून लख्ख. वशरामला चेव चढला.

"ही तर भाईंच्या जिवाचा तुकडा! या पट्टीनं त्यांनी अर्ध्या राजकोटची इंजिनं मोजली आहेत!"

रळियातबेन म्हणाली, "किरीटभाई, ती तुमच्या कामाची नाही."

"का? सोन्याची आहे का?"

"तुमच्या कामाची नाही, एवढंच."

झालं. नाही म्हटलेली वस्तू घेतल्याशिवाय किरीटसारख्याला झोप येत नाही. त्यानं पट्टी घेतली, वर दोन गुण्या घेतल्या, आणि बाईला फसवल्याच्या आनंदात स्कूटरला लाथ मारली. रळियातबेन त्याच्या पाठीकडे पाहून दिवसभर मनात हसत राहिली.

ती पट्टी वाढीव होती. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच शंभरात एक हिश्श्यानं फुगवलेली असते. तिच्यावरचे दोन फूट म्हणजे दोन फूट आणि वर पाव इंच. बारीक अक्षरांत तसं पट्टीवर छापलेलंही होतं. पण किरीटनं आयुष्यात बारीक अक्षरं फक्त दुसऱ्याला सहीसाठी दिली होती, स्वतः वाचली नव्हती.

बारा दिवसांनी तो परत आला, तोंड भजी तळायच्या कढईसारखं तापलेलं. कालावाड रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंचं किचन. भिंतीचं माप टेपनं घेतलं, दहा फूट. कपाटं पट्टीनं कापली, दोन फुटांची पाच. चार बसली. पाचवं सव्वा इंच भिंतीत शिरायला मागत होतं, आणि वरचा ग्रॅनाइट कापून आलेला.

"फसवलंत तुम्ही मला!"

"मी म्हटलं होतं, तुमच्या कामाची नाही."

"का नाही ते सांगायचं होतं!"

"विचारलंत कुठं? तुम्ही विचारलंत, सोन्याची आहे का. नव्हती."

किरीट तणतणला, पोलिसांचं नाव काढलं, मग स्वतःच्याच बिलांची आठवण होऊन ते परत घेतलं. जाता जाता म्हणाला, "माझं काय जातंय? कापलं भंवरलालनं. त्याच्या पगारातून घेईन सगळं."

आणि रळियातबेनचं हसू तिथंच विझलं.

भंवरलाल हा किरीटकडचा सुतार, राजस्थानातल्या सुतारांच्या जांगिड जातीतला, चाळिशीचा माणूस. आपली थट्टा शेवटी कुणाच्या पोटावर बसणार, हे तिला सुचलं नव्हतं. का सुचलं नव्हतं? स्वतःच्या हुशारीवर खूश होती म्हणून. 'मिस्त्री गेले आणि त्यांची खोड मला देऊन गेले,' असं ती स्वतःशीच बोलली, आणि दुसऱ्या दिवशी पत्ता काढत त्या डॉक्टरीणबाईंच्या घरी गेली. भंवरलाल एकटाच ओट्याखाली आडवा होऊन पाचवं कपाट घासत होता.

"पट्टी माझी होती, भाई. चूक माझी आहे," ती म्हणाली आणि पिशवी पुढे केली. पिशवीत बारा गोल पटाशा होत्या, शिसवी मुठींच्या, एकेक वस्तऱ्यासारखी धारदार. "या तुला घे."

भंवरलालनं एक बाहेर काढली, नखावर धार तपासून पाहिली आणि शिसवी मुठीवरून अंगठा फिरवला. मग त्यानं ती पिशवीत परत ठेवली.

"माँजी, माझ्या आजोबांकडं होत्या अशा. पण मी घेऊन करू काय? माझं काम प्लायचं. प्लायला गोल पटाशी दाखवली तर प्लायच हसेल." तो जरा अडखळला. "रोख असेल तर द्या. पोरीची फी आहे."

असा सरळ माणूस तिला महिनाभरात भेटला नव्हता. तिनं रोख पैसे दिले, आणि तसंच किरीटच्या दुकानात जाऊन त्याच्या तीन गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, "पट्टीच्या चुकीचे पैसे मी भंवरलालला दिलेत. आता त्याच्या पगारातून तुम्ही कापलेत तर ते चोरीचे. इथं बसलेल्यांनी ऐकलंय." किरीटनं त्या गिऱ्हाइकांकडे पाहून असं गोड हसून दाखवलं की जणू बाई त्याला राखी बांधायला आली होती.

एवढं झाल्यावर तरी वशराम गप्प बसावा? तो ज्ञातीच्या मंडळाकडे गेला. मंडळी म्हणाली, बाईमाणूस आहे, दुःखात आहे, चार जाणत्यांसमोर एका दिवसात सगळं विकून टाकू. रविवार ठरला. शेडच्या अंगणात खुर्च्या आल्या, गाठिया आणि कच्च्या पपईचा परतलेला संभारा आला, मिरच्या तळून आल्या. विकत घेणारे चार आणि खाणारे चौदा.

सगळ्यांत शेवटी प्रागजी आला, पांढऱ्या गाडीतून. प्रागजी एके काळी मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला. आता उद्योगनगरात त्याची कॉम्प्युटरची तीन यंत्रं होती आणि दारावर पाटी होती: 'त्रिकम मिस्त्रींच्या परंपरेतले'. शिकत असताना दर आठवड्याला मिस्त्रींच्या शिव्या खायचा. आता त्या शिव्यांनाच परंपरा म्हणत होता.

"काकी, पाया पडतो." आणि खरंच वाकला.

"पड. गुडघे ठीक आहेत ना? गाडीतून उतरायला त्रास होत असेल."

लोक हसले. प्रागजीही हसला, त्याला हसण्याची सवय होती. तो पट्टा-करवतीकडे गेला, बुटाच्या टोकानं पायाला टिचकी मारली आणि म्हणाला, "म्युझियममध्ये ठेवायची वस्तू आहे. पण काकीसाठी म्हणून मी घेतो." मग त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून गाठिया खाणाराही थांबला. इतका कमी होता.

"भावनेचा भाव आहे," तो म्हणाला.

"भावना बरीच स्वस्त झाली म्हणायची," रळियातबेन म्हणाली.

वशराम मध्ये पडला. तो खुर्चीवरून उठला आणि सभेत उभं राहावं तसा उभा राहिला. "मंडळी, पैशाचं काय घेऊन बसलात! या यंत्रांवर माझ्या भावाचा हात फिरलाय. शेवटच्या दिवसापर्यंत नजर कशी? गरुडाची! ड्रॉइंग नुसतं समोर धरलं की चूक सांगायचे. असा माणूस पुन्हा..."

आणि त्याच वेळी रळियातबेन हसली. मोठ्यानं. काळं लुगडं नेसलेली, तीन महिन्यांची विधवा, भर अंगणात.

"अकरा वर्षं त्यांना ताटातली भाजी दिसत नव्हती," ती म्हणाली. "डाळ डावीकडे, भात उजवीकडे, असं सांगून मी वाढत होते. ड्रॉइंग मी वाचत होते. आखणी मी करत होते. हे तुमचे पंप, हे तुमचे सिलिंडर, अकरा वर्षं माझ्या पेन्सिलीतून निघालेत."

मग मंडळाचे प्रमुख हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बेन, दुःख आहे. माणसाला असं होतं. घोटभर पाणी प्या."

दोघांनी माना हलवल्या. तिसऱ्यानं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तिला खोटं ठरवलं असतं तर ती भांडली असती. त्यांनी तिची कीव केली.

तिनं प्रागजीकडे पाहिलं. प्रागजी आपल्या बुटांकडे पाहत होता. आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

तो जवळ आला, आवाज उतरवला. "काकी, भट्टीवाले जुने पॅटर्न दुरुस्तीला माझ्याकडं पाठवायचे ना, बरोबर आखणीच्या फळ्याही यायच्या. त्यावरचा सातचा आकडा तुमचा होता. पापडाच्या डब्यावर लिहिता तसा. मला पहिल्याच वर्षी कळलं."

"मग सांग यांना."

"करवतीचे दुप्पट देतो."

"मी भाव विचारला नाही. सांग यांना."

"तिप्पट घ्या, काकी. पण हे नको. माझ्या दारावर पाटी आहे."

वाळवी लागलेल्या लाकडाकडे सुतार बघतो तसं रळियातबेननं त्याच्याकडे पाहिलं. नुसतं ठोकून आवाज ऐकायचा आणि बाजूला ठेवायचं.

कुंपणापाशी हातगाडी लावून हारूनभाई उभा होता. भंगारवाला. तीस वर्षं दर महिन्याला शेडमधला आणि गच्चीवरचा भुसा, लोखंडाचे तुकडे, तुटकी पाती घेऊन जायचा. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो तिथूनच म्हणाला, "बेन खरं बोलते. मी बघितलंय. मी गच्चीवर भुसा भरत असायचो, मिस्त्री खाटेवर आडवे, आणि बेन फळीवर वाकलेली, कानाला पेन्सिल."

सगळ्यांनी वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली. भंगारवाल्याच्या साक्षीला ज्ञातीत काय किंमत!

"हारूनभाई," रळियातबेन म्हणाली, "काटा आणलाय?"

"काटा गाडीवर असतोच, बेन."

"मग घ्या. करवत, लेथ, रंध्याचं यंत्र, सगळं. लोखंडाच्या भावानं."

वशरामच्या तोंडातला मावा खाली पडला. "भाभी! वेड लागलं का? प्रागजीभाई तिप्पट..."

"प्रागजीला किंमत माहीत आहे आणि तो बोलत नाही. तुम्हाला किंमत माहीत नाही आणि तुम्ही गप्प बसत नाही. या माणसाला वजन तरी कळतं." तिनं किल्ल्यांचा जुडगा हारूनच्या गाडीवर टाकला. "आणि मंडळींनो, गाठिया संपवून जा. पैसे मिस्त्रींच्या नावानं दिलेत."

गाठिया संपवूनच गेले. त्या बाबतीत मंडळींनी हयगय केली नाही.

हारूननं आठ दिवसांत ती करवत मोरबीच्या एका माणसाला दुपटीपेक्षा वर भावानं विकली. वशराम ही बातमी घेऊन धावत आला. महिनाभरात पहिल्यांदाच भाभीशी बोलण्याइतका आनंद त्याला झाला होता. "बघितलंत? तुमच्या खऱ्या माणसानं तुम्हालाच गंडवलं!"

"गंडवलं कसं? तो भंगारवाला आहे, भाऊबीज घालायला आला नव्हता. मी लोखंड विकलं, त्यानं करवत विकली. तुम्ही मध्ये असता तर मी लोखंडही विकलं नसतं आणि करवतही गेली असती." ती म्हणाली. पण तो गेल्यावर ती बराच वेळ गच्चीत बसून राहिली. तिप्पट घेतले असते तर भानुच्या पोराच्या शिक्षणाला झाले असते, हे तिला कळत होतं. आपल्याला रागाची चैन महाग पडली, हेही कळत होतं. पण पुन्हा तो रविवार आला असता तर तिनं पुन्हा तेच केलं असतं, आणि तेही तिला कळत होतं.

माघातल्या तेरसेला, विश्वकर्मा जयंतीला, ज्ञातीच्या वाडीत मोठा समारंभ झाला. कै. त्रिकम मिस्त्रींना मरणोत्तर मानपत्र. चंदनी फ्रेममध्ये सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'सूक्ष्मदृष्टी कलाधर'. प्रागजीनं भाषण केलं आणि दोनदा चष्मा काढून डोळे पुसले. फ्रेम आणि शाल वशरामनं स्वीकारली. विधवेला व्यासपीठावर बोलवायची रीत नव्हती, म्हणून रळियातबेन मागे बायकांच्या पंगतीत बसली होती. पुढे टाळ्या चालल्या होत्या, तिच्या पानात उंधियू आणि मोहनथाळ.

शेजारी दिवाळीबेन होती, बाजारातल्या सर्वांत नामांकित हिशेबी कंत्राटदाराची बायको. तिनं रळियातच्या कानाशी लागून विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी अंगणात बोललीस ते खरं का?"

"खोटं बोलायला मला कुणी पाटी दिलीय का?"

दिवाळीबेननं इकडेतिकडे पाहिलं. मग मोहनथाळाचा तुकडा मोडत म्हणाली, "आमच्या यांना भागाकार येत नाही. बत्तीस वर्षं सगळी टेंडरं मीच भरते. ते सही करतात. सहीसुद्धा मीच शिकवली."

तिच्या पलीकडे बसलेली हेमकुंवर घास तोंडाजवळ धरून थांबली. तिचा नवरा मंदिरांच्या नक्षीचं काम करायचा, दिल्लीहून बक्षीस आणलेला. "वेलबुट्टी कोण काढतं, वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. "मी रांगोळीत काढते, ते कागदावर उतरवून घेतात. म्हणतात, स्वप्नात देवी येऊन दाखवते."

"देवीला म्हणावं, जरा पगार माग," रळियातबेन म्हणाली.

हेमकुंवरला ठसका लागला. दिवाळीबेननं तिच्या पाठीत थापट्या मारल्या आणि मारता मारता स्वतःच फुटली. पुढच्या ओळीतली एक म्हातारी, जिला काहीच ऐकू आलं नव्हतं, ती यांना बघून हसायला लागली. व्यासपीठावर प्रागजीला 'त्यांची ती दिव्य दृष्टी' या शब्दांवर थांबावं लागलं. शंभरेक फेटे आणि टोप्या मागे वळल्या, कपाळाला आठ्या घालून.

"काय चाललंय तिकडं? शांतता ठेवा!" प्रमुखांनी माइकवरून दटावलं.

"उंधियू तिखट झालाय, भाई," दिवाळीबेननं ओरडून सांगितलं, आणि वाढणाऱ्याला हाक मारून तिघींच्या पानांत आणखी मोहनथाळ घालायला लावला.